आरटीएक्स ३०७०: पंखे सारखे चालू-बंद, गेममध्ये ८३ अंश. फॅन कर्व्ह नेमका कसा लावावा?

प्रश्न · चांद्याचा_पीसी

नमस्कार मंडळी. चंद्रपूरला असतो. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०७०, तीन पंख्यांचं, वॉरंटी संपलेली. प्रोसेसर रायझन ५ ५६००. कॅबिनेट मिड-टॉवर, पुढे १२० मिमीचे तीन पंखे, मागे एक, चारही मदरबोर्डला जोडलेले. मॉनिटर दोन, एक १४४ हर्ट्झचा आणि एक ६० चा. खोलीत कूलर आहे, तरी मे महिन्यात दुपारी खोली ३८ पर्यंत जातेच.

पहिला त्रास असा की नुसता ब्राउझर उघडा असला तरी कार्डाचे पंखे मिनिटाला एकदा घर्रकन सुरू होतात आणि दहा सेकंदांत थांबतात. दिवसभर हेच चालू असतं. दुसरा त्रास गेममधला. कार्ड ८३ ला जाऊन टेकतं, पंखे ७५-८० टक्क्यांवर ओरडतात आणि तरीही अर्ध्या तासात फ्रेम्स उतरायला लागतात. धूळ ब्लोअरनं काढून झाली आहे.

आफ्टरबर्नर या कार्ड हाताळायच्या प्रोग्रॅममध्ये कर्व्ह (कोणत्या तापमानाला पंखा किती टक्के, तो आलेख) हातानं लावला तर दोन्ही सुटेल का? कोणत्या तापमानाला किती टक्के ठेवायचे? सरळ १०० टक्क्यांवर ठेवले तर पंखे लवकर खराब होतात का? आणि कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडला तर चालतो का?

---

प्रतिसाद · तांब्याची_नळी

दोन्ही त्रासांची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे एकाच कर्व्हनं दोन्ही सुटणार नाहीत.

चालू-बंद होण्याचं कारण झिरो आरपीएम, म्हणजे कार्ड थंड असताना पंखे पूर्ण बंद ठेवायची सोय (आरपीएम म्हणजे मिनिटाला फेरे). कार्ड साधारण ५०-५५ अंशांच्या खाली असेपर्यंत पंखे थांबलेले असतात, त्यावर गेलं की किमान वेगानं सुरू होतात आणि काही अंश उतरले की परत थांबतात. नेमका आकडा कार्डागणिक बदलतो. २४-२५ अंशांच्या खोलीत रिकामं कार्ड या उंबरठ्याला शिवतही नाही. तुमच्याकडे खोलीच ३८, कॅबिनेटच्या आत ४२-४३. पंखे बंद असताना काहीही काम नसलेलं कार्डही उंबरठा गाठतं. पंखा फिरला की लगेच खाली, थांबला की पुन्हा वर. यात बिघाड काही नाही, पण हे थांबवायला हवं. साध्या बुशच्या (दांडी जिच्यात फिरते त्या नळीच्या) पंख्यात तेलाचा थर दांडी फिरायला लागल्यावरच नीट धरतो, त्यामुळे सगळ्यात जास्त झीज सुरू होण्याच्या क्षणी होते. दिवसभर शेकडो वेळा सुरू होणारा पंखा सतत हळू फिरणाऱ्या पंख्यापेक्षा वाईट अवस्थेत असतो.

त्याआधी एक गोष्ट तपासा. काहीही चालू नसताना आफ्टरबर्नरमध्ये मेमरी क्लॉक किती दिसतो? ४०५ मेगाहर्ट्झ असेल तर ठीक. ७००१ वर अडकलेला असेल तर कार्ड रिकामं असूनही ३०-३५ वॅट खातंय. वेगवेगळ्या रिफ्रेश रेटचे दोन मॉनिटर असले की असं बऱ्याचदा होतं. मोठा मॉनिटर १४४ ऐवजी १२० हर्ट्झवर ठेवून बघा, १२० हा ६० च्या पटीत बसतो. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर मॅनेजमेंट 'प्रिफर मॅक्सिमम परफॉर्मन्स' वर असेल तर ते 'नॉर्मल' करा.

आता ८३. या चिपची ठरलेली तापमान-मर्यादा ८३ आहे. कार्ड तिथे पोचलं की स्वतःच क्लॉक १५-१५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली आणतं. तुमच्या फ्रेम्स त्यामुळेच उतरतात. पंखे ८० टक्क्यांवर असूनही ८३ दिसतंय म्हणजे उष्णता वाटेत कुठेतरी अडते आहे. कुठे, ते मोजल्याशिवाय कर्व्हला हात लावू नका.

मोजायची पद्धत अशी. आफ्टरबर्नरमध्ये पंखे हातानं ७० टक्क्यांवर पक्के करा, नाहीतर कर्व्ह मध्ये येऊन आकडे फिरवेल. एकच गेम, एकच जागा, २० मिनिटं. एचडब्ल्यूइन्फो या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जीपीयू टेंपरेचर (गाभा, म्हणजे ग्राफिक्स चिपचं तापमान), हॉट स्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) आणि पॉवर हे तीन आकडे लिहून घ्या. मग साइड पॅनल काढा आणि तेच पुन्हा २० मिनिटं. खोलीचं तापमान पुढच्या पंख्यांसमोर साधा थर्मामीटर ठेवून घ्या, मोबाइलवरचं हवामान बघून नको.

हॉट स्पॉट आणि गाभा यांत १०-१५ अंशांचा फरक असेल तर पेस्ट (चिप आणि हीटसिंकमधला उष्णता वाहणारा लेप) आणि हीटसिंकचा दाब ठीक आहेत. २५ च्या वर गेला तर पेस्ट गेली किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही. साइड पॅनल काढल्यावर २-३ अंश उतरले तर कॅबिनेट ठीक. ५ किंवा जास्त उतरले तर कार्डाला हवाच मिळत नाही आणि त्याचे पंखे कितीही फिरवले तरी ते कॅबिनेटमधली तीच गरम हवा फिरवत राहतात.

मेमरीचं तापमान शोधू नका. ३०७० वर साधी जीडीडीआर६ आहे आणि तिचा आकडा बाहेर दिसत नाही. ३०७० टीआय किंवा ३०८० वर जीडीडीआर६एक्स असल्यामुळे तिथे दिसतो.

---

प्रतिसाद · पीडब्ल्यूएम_२५

वरच्या मोजमापाला पूर्ण पाठिंबा. तोवर कर्व्हचं सांगून ठेवतो, कारण चालू-बंदचा त्रास त्यानं आजच मिटेल.

आफ्टरबर्नर उघडा, दातेरी चाकावर क्लिक करून सेटिंग्ज, त्यात 'फॅन' टॅब. 'एनेबल यूजर डिफाइन्ड सॉफ्टवेअर ऑटोमॅटिक फॅन कंट्रोल' वर टिक करा. आलेख दिसेल, ठिपके ओढून जागेवर बसवा. तुमच्या खोलीसाठी सुरुवात अशी करा: ५० अंशांपर्यंत सपाट ३० टक्के, ६० ला ४२, ६८ ला ५५, ७५ ला ६८, ८० ला ८०, ८६ ला १००.

सगळ्यात खालचा ठिपका ३० वर, शून्यावर नाही. या पिढीच्या कार्डांना ड्रायव्हर साधारण ३० टक्क्यांच्या खाली फिरू देत नाही. एकतर ३०, नाहीतर पूर्ण बंद. ३० टक्क्यांवर पंखे साधारण हजार आरपीएमच्या आसपास असतात आणि बंद कॅबिनेटमधून तो आवाज कूलरच्या घरघरीत ऐकूही येत नाही. चंद्रपूर, अकोला, नागपूर अशा ठिकाणी मार्च ते जून झिरो आरपीएम बंदच ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच टॅबमध्ये 'टेंपरेचर हिस्टेरेसिस' आहे, तिथे ४ घाला. तापमान चढताना वेग लगेच वाढतो, पण उतरताना ४ अंश खाली आल्याशिवाय कमी होत नाही. हा आकडा शून्य ठेवला की एका अंशाच्या चढउतारावर पंखा सतत सूर बदलतो आणि कानाला तेच टोचतं. अपडेट पीरियड २००० मिलिसेकंद पुरतो. आलेखाला खडा चढ देऊ नका. ६९ ला ४५ आणि ७० ला ७५ असा कडा ठेवला की पंखा वर जातो, तापमान उतरतं, पंखा खाली येतो, तापमान चढतं. गेमभर हेच चक्र.

तीन पंख्यांच्या कार्डांवर बहुधा दोन वेगळे चॅनल असतात. मुख्य खिडकीतलं सिंकचं बटण चालू ठेवा, म्हणजे दोन्हींना एकच कर्व्ह लागतो. मग ५० टक्के पक्के करून दोन्हींचे आरपीएम बघा. कार्डागणिक थोडा फरक असू शकतो, पण एक १६०० आणि दुसरा ११०० वर लडखडत असेल तर तो पंखा जायच्या मार्गावर आहे. मशीन बंद करून प्लग काढा आणि बोटानं हलकेच फिरवा. चांगला पंखा दोन-तीन गिरक्या घेऊन थांबतो, खराब पंखा बोट काढताच अडतो. बदलायचा झाला तर मधल्या गोल भागाच्या मागच्या स्टिकरवरचा क्रमांक, पात्यांचा व्यास आणि स्क्रूंमधलं अंतर जुळवूनच मागवा. 'अमुक कार्डासाठी' एवढ्यावर विसंबू नका, एकाच नावाच्या कार्डात वेगवेगळे पंखे निघतात.

हा कर्व्ह कार्डात साठत नाही. आफ्टरबर्नर चालू असेल तोवरच लागू असतो. म्हणून 'स्टार्ट विथ विंडोज' आणि 'स्टार्ट मिनिमाइझ्ड' दोन्ही चालू ठेवा. आणि एका वेळी एकच प्रोग्रॅम. कार्ड कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर, आफ्टरबर्नर आणि तिसरं आणखी काही, अशी दोन-तीन मंडळी एकाच पंख्याला हुकूम देत असतील तर पंखा दर दोन सेकंदांनी उड्या मारतो. रंगीत दिव्यांसाठी कंपनीचं सॉफ्टवेअर ठेवायचंच असेल तर त्यातला फॅन विभाग 'ऑटो' वर ठेवा.

१०० टक्क्यांबद्दल. पंखा लगेच जळत नाही, पण बुश झिजतो आणि मिळकत फार कमी. हवा वेगाच्या प्रमाणात वाढते, आवाज मात्र झपाट्यानं. वेग २० टक्के वाढवला की आवाज साधारण ४ डेसिबल चढतो, दुप्पट केला तर १५. बहुतेक तीन पंख्यांच्या कार्डांवर ७५ वरून १०० ला गेल्यावर दोन-तीन अंशच उतरतात. ८६ ला १०० हा ठिपका फक्त विम्यासारखा आहे, रोज तिथे जायचं नाही.

---

प्रतिसाद · चांद्याचा_पीसी

मेमरी क्लॉक ७००१ वरच होता. १२० हर्ट्झ केल्यावर ४०५ ला आला, रिकाम्या कार्डाची पॉवर ३४ वरून १६ वॅट. कर्व्ह लावल्यापासून चालू-बंद संपलं.

मोजमाप, पंखे ७० टक्के पक्के, खोली ३८: बंद कॅबिनेटमध्ये गाभा ८३, हॉट स्पॉट ९६, पॉवर २१० च्या आसपास. साइड पॅनल काढून गाभा ७६, हॉट स्पॉट ८९, पॉवर २१८. म्हणजे पेस्ट ठीक आणि कॅबिनेट दोषी असंच ना?

---

प्रतिसाद · तांब्याची_नळी

अगदी तसंच. फरक दोन्ही वेळी १३, पेस्टला हात लावू नका. ७ अंश कॅबिनेटनं खाल्लेत.

बंद कॅबिनेटमध्ये मर्यादेमुळे पॉवर २१० ला दाबली गेली होती, उघड्यात कार्डाला पूर्ण २१८ मिळाले आणि तरी तापमान कमी. त्यामुळे खरा फरक ७ पेक्षाही थोडा जास्तच आहे.

पुढे दोन कामं. कॅबिनेटच्या पंख्यांबद्दल खाली कोणी सविस्तर लिहील, मी वॅट कमी करण्याचं सांगतो. उन्हाळ्यात सगळ्यात मोठी मिळकत तिथेच आहे. ढोबळ हिशेब बघा: खोली ३८, गाभा ८३, म्हणजे ४५ अंशांची चढण २१० वॅटमुळे. पंखे तेच ठेवून १६० वॅट केले तर चढण साधारण ३४, गाभा ७२. एवढी उतरण कोणताही फॅन कर्व्ह देत नाही.

आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबा, व्होल्टेजचा आलेख उघडतो. मुख्य खिडकीत कोअर क्लॉक −२५० करून लागू करा, सगळा आलेख खाली सरकेल. आता आलेखात ८७५ मिलिव्होल्टचा ठिपका पकडून १८०० मेगाहर्ट्झवर उचला आणि पुन्हा लागू करा. त्याच्या उजवीकडचे ठिपके आपोआप १८०० वर सपाट होतील. कार्ड आता ८७५ च्या वर व्होल्टेज घेणार नाही. उजवीकडचा एखादा ठिपका १८०० च्या वर राहिला असेल तर कार्ड तिथे उडी मारेल आणि सगळी मेहनत वाया जाईल, म्हणून आलेख उजव्या टोकापर्यंत नजरेखालून घाला.

१८०० ला ८७५ हे ३०७० साठी माफक मागणं आहे. गेम अचानक बंद पडला किंवा पडदा क्षणभर काळा होऊन परतला तर ९०० मिलिव्होल्टवर या. रे ट्रेसिंग (प्रकाशाच्या किरणांचा हिशेब करणारं जड ग्राफिक्स) असलेला गेम तासभर चालवून बघा. नुसत्या बेंचमार्कमध्ये टिकलेलं सेटिंग रे ट्रेसिंगमध्ये पडतं, असं नेहमी होतं. टिकलं की प्रोफाइल १ मध्ये साठवा आणि त्यानंतरच विंडोज सुरू होताना आपोआप लागू करण्याचं बटण दाबा. आधी दाबलं आणि सेटिंग कच्चं निघालं तर मशीन चालू होताच अडकेल.

हे सगळं जड वाटत असेल तर पॉवर लिमिटची पट्टी ७५ टक्क्यांवर ओढा. मिळकत थोडी कमी, पण एका मिनिटाचं काम आणि अस्थिर व्हायची भीती नाही.

---

प्रतिसाद · घिरघिर

कॅबिनेटच्या पंख्यांचं मी सांगतो, कारण बहुतेकांची चूक इथेच असते. पंखे मदरबोर्डला जोडलेले असले की बायोस (मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) त्यांना प्रोसेसरच्या तापमानावर चालवतो. गेममध्ये ५६०० निवांत ६५-७० वर असतो आणि त्याच वेळी कार्ड २१० वॅट ओकत असतं. बायोसला कार्ड दिसतच नाही. पुढचे तीन पंखे ७०० आरपीएमवर रेंगाळतात आणि कार्ड आत शिजतं.

यावर उपाय 'फॅनकंट्रोल' नावाचा मोफत प्रोग्रॅम. पहिल्यांदा उघडल्यावर तो कोणता पंखा कुठल्या हेडरवर (मदरबोर्डवरच्या पंख्याच्या जोडणीवर) आहे हे फिरवून दाखवतो, प्रत्येकाला नाव द्या. कार्डाचे पंखे इथे चालू करू नका, ते आफ्टरबर्नरकडे आहेत.

दोन ग्राफ कर्व्ह करा. पहिला जीपीयू हॉट स्पॉटवर: ५५ पर्यंत ४० टक्के, ७० ला ६०, ८० ला ७५, ९० ला ९५. दुसरा सीपीयूवर: ५० पर्यंत ३५, ७० ला ५५, ८५ ला ८५. मग तिसरा कर्व्ह 'मिक्स' प्रकारचा, त्यात हे दोन्ही घालून फंक्शन 'मॅक्स' निवडा. पुढचे तीन आणि मागचा एक या मिक्सवर लावा. दोघांपैकी ज्याला जास्त गरज, त्याच्याप्रमाणे पंखे फिरतील. सीपीयूच्या कर्व्हला रिस्पॉन्स टाइम ५ सेकंद द्या. रायझनचं तापमान एखादी फाइल उघडली तरी क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारतं, आणि त्या प्रत्येक उडीला पंख्यांनी धावायची गरज नाही.

स्लायडर हलवूनही वेग बदलत नसेल तर बायोसमध्ये त्या हेडरचा प्रकार बघा. ३ पिनचा पंखा असेल तर 'डीसी', ४ पिनचा असेल तर 'पीडब्ल्यूएम'. ३ पिनचा पंखा पीडब्ल्यूएम हेडरवर कायम पूर्ण वेगानं फिरतो. एका हेडरवर साधारण १ अँपिअरच्या वर भार नको. तीन पंखे जोडायचे तर प्रत्येकाच्या स्टिकरवरचे अँपिअर बेरीज करून बघा, जास्त झाले तर एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) साटा वायरीवरून वीज घेणारा हब लावा.

आता लोखंडी भाग. पुढचं पॅनल काचेचं किंवा बंद प्लॅस्टिकचं असेल तर ते काढून एकदा मोजा, पाच मिनिटांचं काम आहे. बंद पॅनलमागे कडेची दोन बोटांची फट असेल तर तिन्ही पंखे तिथूनच हवा ओढतात आणि कितीही फिरवले तरी उपाशीच. जाळी असेल तर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. पलीकडचं दिसत नसेल तर हवाही जात नाही. तुमच्याकडच्या धुळीत उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी फिल्टर साध्या पाण्यानं धुवून पूर्ण वाळवून लावा. कॅबिनेटच्या मागे भिंत असेल तर किमान १५ सेमी जागा सोडा.

वरच्या बाजूला जागा असेल तर मागच्या कोपऱ्यात एक पंखा हवा बाहेर टाकणारा लावा. वर पुढच्या बाजूला मात्र लावू नका. तो पुढून आलेली ताजी हवा कार्डापर्यंत पोचायच्या आत बाहेर फेकतो.

---

प्रतिसाद · कोरडी_हवा

कूलरचा प्रश्न राहिला. गार हवेनं कार्डावर दव जमेल ही भीती चुकीची आहे. दव आसपासच्या हवेपेक्षा थंड वस्तूवर जमतं, आणि चालू मशीनमधली प्रत्येक गोष्ट हवेपेक्षा गरम असते. खरी भीती थेंबांची. ताट्यांवर पाणी जास्त सुटलं की पंखा बारीक तुषार घेऊन बाहेर येतो. विदर्भात बोअरचं पाणी जड, तुषार वाळले की क्षार मागे राहतात. कनेक्टरवर, पंख्याच्या बुशपाशी पांढरी पूड दिसते ती हीच. शिवाय दमट हवेत धूळ हीटसिंकच्या पाकळ्यांना चिकटून बसते आणि ब्लोअरनं निघत नाही.

म्हणून झोत थेट नको. कॅबिनेट कूलरच्या रेषेबाहेर, पाच-सहा फूट दूर. पाण्याचा नळ एवढाच उघडा की ताट्या ओल्या राहतील पण ओघळणार नाहीत. आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवा. बंद खोलीत कूलर तासाभरात नुसता दमटपणा वाढवतो, तापमान उतरत नाही. हवा बाहेर जायला वाट दिली तर तीच खोली ३८ वरून ३३-३४ ला येऊ शकते, आणि खोलीचा प्रत्येक अंश कार्डावर जवळपास तसाच उतरतो.

---

प्रतिसाद · मुठाकाठ

धाग्यात मध्येच विचारतो, पण संबंधित आहे. पुण्यात आहे, खोली ३१. कार्ड ३०६० टीआय, वापरलेलं घेतलेलं. गाभा ७४ आणि हॉट स्पॉट १०५. साइड पॅनल काढून काहीच फरक नाही. पंखे १०० टक्के केले तरी हॉट स्पॉट १०२. उघडावं का? कोणती पेस्ट, आणि पॅड (मेमरी वगैरे चिपवरचे उष्णता वाहणारे मऊ तुकडे) किती जाडीचे?

---

प्रतिसाद · तांब्याची_नळी

३१ चा फरक आहे. इथे पंख्यानं काही होणार नाही, उघडावंच लागेल. झाकण नसलेल्या चिपवर पेस्ट प्रत्येक तापण्या-निवण्यात थोडी थोडी बाहेर ढकलली जाते आणि मध्ये कोरडे डाग पडतात. हॉट स्पॉट वर जातो तो तिथे. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी तिथेच द्या, स्क्रूवरचं स्टिकर फाटलं की बरेच सर्व्हिस सेंटर हात लावत नाहीत.

कार्ड पाच मिनिटं गेममध्ये तापवून, बंद करून, लगेच उघडायला घ्या. गरम पेस्ट सुटते, थंड पेस्ट चिपला धरून ठेवते. मागचे चिपभोवतीचे चार स्प्रिंगचे स्क्रू थोडे थोडे आणि तिरपे सोडवा, मग बाकीचे. हीटसिंक सरळ ओढून काढू नका. आधी हलकेच डावी-उजवीकडे फिरवा, दोन सेमी उचला आणि पंख्याच्या, दिव्यांच्या बारीक वायरी काढा. घाईत ओढलं तर कनेक्टर पीसीबीसकट निघतो.

उघडल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढा. कोणता पॅड कुठे होता आणि त्यावर चिपचा ठसा किती खोल उमटला आहे, हे दोन्ही दिसलं पाहिजे. पॅड फाटले किंवा चुरा झाले नसतील तर तेच जागच्या जागी राहू द्या. बदलायचेच तर व्हर्नियरनं पॅडचा न दाबलेला कडेचा भाग मोजा. १, १.५, २ मिमी असे एकाच कार्डावर वेगवेगळे असतात, आणि 'सगळीकडे २ लावू' हीच सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. अर्धा मिमी जाड आणि कडक पॅड हीटसिंकला चिपपासून उचलून धरतो आणि पेस्ट बदलूनही हॉट स्पॉट आधीपेक्षा वर जातो. जाडीची खात्री नसेल तर पॅडऐवजी थर्मल पुटी वापरा, ती दाबेल तेवढी पसरते.

चिपवर हनीवेलचं पीटीएम ७९५० वापरा. हे पेस्ट नाही, पातळ चादर आहे. ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन पसरते आणि पेस्टसारखी बाहेर ढकलली जात नाही. लावण्याआधी दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, नाहीतर फिल्म काढताना चादर फाटते. चिपच्या आकारापेक्षा एखादा मिमी मोठी कापा. पहिल्या दिवशीचे आकडे धरू नका, काही वेळा तापून-निवल्यावर ती नीट बसते. बाजारात नकली बराच माल आहे, ओळखीच्या विक्रेत्याकडूनच घ्या. पेस्टच लावायची तर घट्ट पेस्ट घ्या आणि पूर्ण चिपवर पातळ थर पसरवा. मध्ये ठिपका ठेवायची पद्धत झाकण असलेल्या प्रोसेसरसाठी आहे, इथे एखादा कोपरा कोरडा राहिला की तोच हॉट स्पॉट होतो.

जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. हीटसिंक बसवताना चार स्क्रू तिरप्या जोडीनं, प्रत्येकाला दोन-दोन फेरे. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं केलं तर चिपचा कोपरा उडू शकतो. आणि हीटसिंकमध्ये ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. वाऱ्यानं पंखा त्याच्या वेगापलीकडे फिरला की बुश जातो, शिवाय तो जनित्रासारखी उलटी वीज बोर्डात सोडतो.

---

प्रतिसाद · पेंग्विन_पुणेकर

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात. आफ्टरबर्नर नाही, पण लॅक्ट नावाचं साधन रेडिऑन (एएमडीची कार्डं) आणि एनव्हिडिया दोन्हींवर कर्व्ह लावतं, आणि सेवा म्हणून चालत असल्यामुळे लॉगिन करायच्या आधीच लागू होतं. एनव्हिडियाची जुनी कूलबिट्सची (ड्रायव्हरच्या सेटिंगमधून पंखा खुला करायची) पद्धत वेलँड या नव्या डिस्प्ले व्यवस्थेवर कामाची नाही, तिच्यात वेळ घालवू नका. रेडिऑनच्या ७००० मालिकेवर थेट टक्के लिहून पंखा चालवण्याची जुनी पद्धत बंद झाली आहे. तिथे कर्नल ६.७ किंवा पुढचा हवा आणि ओव्हरड्राइव्ह (कार्डाची सेटिंग बदलायची मुभा) चालू करणारं बूट पॅरामीटर द्यावं लागतं, मग पाच ठिपक्यांचा कर्व्ह स्वीकारला जातो. व्होल्टेजचा आलेख एनव्हिडियावर लिनक्समध्ये मिळत नाही. पॉवर लिमिट उतरवणं हाच सोपा मार्ग.

---

प्रतिसाद · चांद्याचा_पीसी

पुढचं पॅनल काचेचं होतं, काढलं आणि जाळीचा तुकडा लावला. फॅनकंट्रोलचा मिक्स कर्व्ह आणि ८७५ ला १८०० दोन्ही लागू. खोली ३७: गाभा ६८, हॉट स्पॉट ८०, पॉवर १५८ ते १६५, कार्डाचे पंखे ५५ टक्के. क्लॉक आता गेमभर हलत नाही. सगळ्यांचे मनापासून आभार.

एकच उरलं. पंखे ५२ ते ५६ टक्क्यांच्या मध्ये असताना 'घूं' असा एकसुरी आवाज येतो. ४८ ला नाही, ६० लाही नाही. पंखा खराब?

---

प्रतिसाद · पीडब्ल्यूएम_२५

खराब पंखा सगळ्या वेगांवर खरखरतो. तुमचा आवाज एकाच पट्ट्यात आहे, म्हणजे त्या आरपीएमला वरचं प्लॅस्टिक किंवा कॅबिनेटचा पत्रा सूर धरतोय. गेम बंद करून पंखे हातानं ५४ वर ठेवा आणि कार्डाच्या आवरणाच्या मोकळ्या टोकाला, मग साइड पॅनलला बोटानं हलकं दाबा. ज्याला दाबल्यावर आवाज थांबेल तो दोषी. आवरण असेल तर त्याचे बारीक स्क्रू तपासा, बहुधा एखादा ढिला असतो. पॅनल असेल तर कडेला फोमची पट्टी लावा. पंखे ५४ वरच असताना गेम चालू केल्यावर आणखी एखादा बारीक किरकिरणारा सूर येत असेल तर तो कार्डावरच्या वीजपुरवठ्यातल्या कॉइलचा, त्याचा पंख्याशी संबंध नाही. फ्रेम रेट मर्यादित केला की तो कमी होतो.

तरीही राहिलाच तर कर्व्हमधून तो पट्टा वगळा. ६५ अंशांपर्यंत ४८ वर सपाट ठेवा आणि ६७ ला एकदम ६० करा, पुन्हा ७२ पर्यंत ६० वरच सपाट. हा एकच कडा चालेल, फक्त हिस्टेरेसिस ४ वरून ६ करा. नाहीतर गेममध्ये ६५-६७ च्या आसपास पंखा त्या पट्ट्यातून सारखा ये-जा करेल आणि आवाज आधीपेक्षा जास्त जाणवेल.